पालिकेची नोटीस आली, आता पुढे काय? जुन्या इमारतीबद्दल एक सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. म्हापशाच्या बाजारालगत १९८५-८६ च्या सुमारास बांधलेली तळमजला अधिक तीन मजल्यांची इमारत आहे. खाली दुकाने, वर बारा फ्लॅट. जिन्याजवळच्या कॉलमचा गिलावा सुटून सळ्या दिसू लागल्या, कोणीतरी तक्रार केली आणि एप्रिलमध्ये पालिकेने नोटीस चिकटवली: इमारत धोकादायक स्थितीत आहे, १५ दिवसांत स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल द्या. दुकानदार म्हणतात, ऑक्युपन्सी (इमारत वापरायला योग्य असल्याचा दाखला) पालिकेने दिली, घरपट्टी पालिका घेते, तेव्हा जबाबदारीही तिचीच. फ्लॅटवाल्यांना वाटते, हा आपल्याला बाहेर काढायचा डाव आहे. मुंबईचा तुमचा भाऊ म्हणतो, ३० वर्षांवरच्या इमारतीचे ऑडिट सक्तीचे असते, तुम्ही इतकी वर्षे काय करत होता? आणि तुम्ही विचारता, पालिका इमारतीची सुरक्षितता तपासते म्हणजे नेमके काय करते?

मी गोव्यातल्या एका नगरपालिकेच्या तांत्रिक विभागात बरीच वर्षे काढली आणि आता जुन्या इमारतींची ऑडिटे करतो. अशा नोटिशी मी लिहिल्याही आहेत आणि त्यांना उत्तरे तयार करून देण्याचे कामही केले आहे. त्यामुळे आधी कोणाला न आवडणारी गोष्ट सांगतो. पालिका तुमच्या इमारतीची मजबुती कधीच तपासत नाही. मजबुतीची हमी कोणी सही करून घेतली आहे, एवढे ती तपासते. हे एकदा लक्षात आले की नोटिशीचा अर्थही लागतो आणि दुकानदारांच्या म्हणण्यात कुठे तथ्य आहे, कुठे नाही, तेही कळते.

गोव्यात बांधकामाचा कागद कसा फिरतो ते पाहा. जमीन बिगरशेती करायची सनद जिल्हाधिकाऱ्यांकडून. म्हापसा, पणजी, मडगाव, वास्कोसारख्या शहरी भागात विकास परवानगी पीडीएकडून (नियोजन आणि विकास प्राधिकरण), इतरत्र नगरनियोजन खात्याकडून तांत्रिक मंजुरी. त्यानंतर बांधकाम परवाना पालिकेचा किंवा पंचायतीचा. काम झाले की कम्प्लिशन, म्हणजे काम पूर्ण झाल्याचा दाखला, पीडीएचे किंवा नगरनियोजनचे आणि शेवटी ऑक्युपन्सी पालिकेची. मध्ये आरोग्य खात्याचा ना हरकत दाखला, आणि उंच किंवा गर्दीच्या इमारतीला अग्निशामक दलाचा. आज हे सगळे २०१० च्या गोवा जमीन विकास आणि इमारत बांधकाम नियमावलीप्रमाणे चालते. तुमची इमारत त्याच्या फार आधीची. फाईल सापडली तर परवान्यावर बहुधा 'गोवा, दमण आणि दीव' असे छापलेले असेल, कारण राज्य झाले ते ३० मे १९८७ रोजी.

या साखळीत पालिकेचा अभियंता जागेवर जातो तेव्हा त्याच्या हातात टेप असते, हातोडी नसते. रस्त्यापासून किती अंतर सोडले, मजले मंजुरीइतकेच आहेत का, पार्किंगची जागा दुकानात तर गेली नाही ना, सेप्टिक टाकी विहिरीपासून किती लांब आहे, हे तो मोजतो. कॉलममध्ये किती सळ्या टाकल्या, काँक्रीटमध्ये सिमेंट किती, स्लॅब भरताना पाणी किती ओतले, हे तो पाहत नाही, आणि काम पूर्ण झाल्यावर ते दिसतही नाही. त्या प्रश्नांचे उत्तर म्हणून फाईलला एक कागद जोडलेला असतो, नोंदणीकृत अभियंत्याचे स्ट्रक्चरल लायबिलिटी सर्टिफिकेट. संकल्पन माझे, जबाबदारी माझी, असे त्यात तो लिहून देतो. ऑक्युपन्सीच्या वेळी इमारत मजबूत असल्याचा दाखलाही तोच देतो. पालिका त्याच्या सहीवर भरवसा ठेवते.

याला मी पळवाट म्हणणार नाही. छोट्या पालिकेच्या तांत्रिक विभागात माणसे मोजकी. गटारे, रस्ते, बाजार, अतिक्रमणे सगळे त्यांच्याच गळ्यात. प्रत्येक स्लॅब भरताना त्यांनी उभे राहावे म्हणणे व्यवहारात बसत नाही. पण सहीवर चालणारी व्यवस्था सही करणारा प्रामाणिक असेपर्यंतच नीट चालते. ४ जानेवारी २०१४ रोजी काणकोणात चावडी येथे बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून ३० हून अधिक कामगार गेले. तिथेही कागदांची साखळी हीच होती. त्यानंतर पालिकांत फायली उघडल्या गेल्या, सर्टिफिकेटे नव्याने मागितली गेली. काही काळ सगळे सावध होते, पण तपासणीची पद्धत मुळातून बदलली असे काही मला दिसले नाही.

आता दुकानदारांचा मुद्दा. ऑक्युपन्सी म्हणजे त्या दिवशी इमारत मंजूर नकाशाप्रमाणे होती आणि वापरायला योग्य होती, एवढेच. पुढच्या चाळीस वर्षांची वॉरंटी त्यात नाही. घरपट्टीचे म्हणाल तर ती बेकायदा बांधकामालाही लागते, आणि लागली म्हणून ते बांधकाम कायदेशीर होत नाही, मजबूत तर नाहीच नाही. इमारत सुस्थितीत ठेवणे हे मालकाचे काम. बिल्डरच्या मागे लागायचा विचार असेल तर तोही सोडा. रेराप्रमाणे, म्हणजे स्थावर मालमत्ता कायद्याप्रमाणे, संरचनेतील दोषाची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षांपर्यंत असते आणि तो कायदाच २०१६ चा आहे.

तुमच्या भावाचे म्हणणे मुंबईपुरते बरोबर आहे. तिथल्या महापालिका कायद्यात ३० वर्षांवरील इमारतींची तपासणी बंधनकारक केली आहे आणि सी-१ (पाडण्याजोगी), सी-२ (दुरुस्तीजोगी) ही वर्गवारीही त्यांचीच. आपल्याकडचे अभियंतेही हल्ली अहवालात 'सी-२' वगैरे लिहून मोकळे होतात, पण गोव्यातल्या पालिकेला त्या अक्षरांशी काही देणेघेणे नाही. तिला हवे असते ते साध्या भाषेत: राहण्यास योग्य, दुरुस्तीपर्यंत अमुक भाग रिकामा ठेवावा, किंवा राहण्यास अयोग्य.

मग ऑक्युपन्सीपासून आजपर्यंत पालिकेने काय केले? मनापासून सांगायचे तर काहीच नाही. पावसाळा जवळ आला की वॉर्डात फेरी मारायची, बाहेरून वाईट दिसणाऱ्या इमारतींची यादी करायची, तक्रारी आलेल्या त्यात जोडायच्या आणि नोटिशी काढायच्या. तुमची नोटीस त्यातलीच. ती वैद्यकीय निदानासारखी वाचू नका. कोणी आत येऊन काँक्रीट तपासून ती लिहिलेली नाही. 'आम्हाला धोका दिसतो आहे, तुम्ही तपासून सांगा' एवढाच तिचा अर्थ. पण तिच्या तारखेपासून धोका तुमच्या नजरेस आणून दिला होता हे नोंदीवर आले, आणि उद्या काही झाले तर पहिला प्रश्न असेल, नोटीस मिळाल्यावर तुम्ही काय केले?

नोटीस कोणाची आणि कुठल्या कायद्याखाली आहे हे नीट पाहा, कारण पुढचे बरेचसे त्यावर ठरते. मुख्याधिकाऱ्यांच्या सहीची असेल तर ती १९६८ च्या नगरपालिका कायद्याखाली असेल. दुरुस्त करा, आधार द्या, नाहीतर पाडा, असे सांगण्याचा अधिकार पालिकेला आहे. उपजिल्हाधिकाऱ्यांचा आदेश असेल तर प्रकरण अधिक गंभीर. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली, म्हणजे जुन्या फौजदारी संहितेच्या १३३ खाली, पडण्याच्या बेतात असलेली इमारत काढायला, दुरुस्त करायला किंवा टेकू द्यायला ते सांगू शकतात. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आधार घेऊन जागा रिकामी करायचे आदेशही निघतात. पालिका सहसा आधी स्वतः नोटीस देते, उत्तर आले नाही तर फाईल उपजिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवते. मग वीज आणि पाणी तोडण्याची पत्रे सुटतात. तुम्ही आज पहिल्या पायरीवर आहात, आणि तिथेच विषय आटोक्यात ठेवणे तुमच्या हातात आहे.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. तुमची सोसायटी नोंदलेली आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही. गोव्यात त्या काळच्या अनेक इमारतींत मेंटेनन्स सोसायटी असते, पण जमीन अजून बिल्डरच्या नाहीतर मूळ भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) नावावर असते. तसे असेल तरी ऑडिट आणि दुरुस्ती अडत नाही. अडते ती पुढे पाडून नवी बांधायची वेळ आली तर. सोसायटीच नसेल तर सगळ्या फ्लॅटधारकांनी आणि दुकानदारांनी सह्या करून दोघा-तिघांना अधिकार द्या आणि त्या पत्राची प्रत पालिकेला द्या. दुबई, पोर्तुगाल, लंडन इथे असलेल्यांची लेखी संमती ईमेलवर घ्या. बंद फ्लॅटच्या किल्ल्या हा यातला सर्वात त्रासदायक भाग. माझ्या अनुभवात अर्ध्याहून अधिक पाझर बंद फ्लॅटच्या संडास-बाथरूममधून येतो, आणि नेमकी ती किल्ली कोणाकडेच नसते.

दुकाने मालकीची की भाड्याची, यावरही बरेच अवलंबून आहे. जुने भाडेकरू ऑडिटला विरोध करतात त्यामागे एक खरी भीती असते. एकदा बाहेर पडलो की परत आत येता येणार नाही, अशी. ती भीती हसण्यावारी नेऊ नका. त्यांना एवढे समजावा की जागा रिकामी करण्याचा आदेश म्हणजे भाडेहक्क संपल्याचा आदेश नव्हे. महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात पालिकेने इमारत पाडली तरी जमिनीवरचा भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी २०१४ मध्ये सांगितले आहे. बाहेर पडण्याआधी दुकानाचे मोजमाप, फोटो, भाडेपावत्या आणि मालकाचे पत्र एकत्र करून ठेवायला सांगा. गोव्याचा भाडे नियंत्रण कायदा त्यांना कितपत संरक्षण देतो, हे म्हापशातल्या वकिलाला कागद दाखवूनच विचारावे. तिथे माझे काम संपते.

आता ऑडिट. हे मी जरा सविस्तर सांगतो, कारण याच टप्प्यावर लोक फसतात.

ऑडिटच्या आधी एक काम. उघड्या सळ्यांचा तो कॉलम आणि त्याच्या शेजारचे बीम, यांना लोखंडी टेकू लावून घ्या. लाकडी बल्ल्या नकोत, स्क्रू जॅकचे प्रॉप घ्या, आणि ते तळमजल्यावर लावताना खालची जमीन भरीव आहे की लादीखाली पोकळी आहे ते पाहा. टेकू कुठे आणि किती, हे अभियंत्याला जागेवर आणून ठरवा, मुकादमावर सोडू नका. चुकीच्या जागी ताणून बसवलेला टेकू बीमला वर रेटतो आणि नवी भेग पाडतो. गच्चीवरच्या टाक्याही पाहा. हजार लिटरची टाकी भरली की एक टन वजन. बारा फ्लॅटच्या बारा टाक्या एकाच कोपऱ्यात ठेवलेल्या इमारती मी पाहिल्या आहेत, आणि तो कोपरा नेमका जिन्याचा असतो कारण पाईप तिथून जातो. निम्म्या रिकाम्या करा, उरलेल्या कॉलमच्या डोक्यावर पसरून ठेवा. हे दोन दिवसांत होते.

मग भेगा वाचायच्या. सगळ्या भेगा सारख्या नसतात, आणि रहिवासी बहुतेक वेळा चुकीच्या भेगेला घाबरतात. चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत आणि कॉलम यांच्या सांध्यावर उभी बारीक भेग असेल तर ती बहुधा निरुपद्रवी. दोन वेगळ्या वस्तू वेगवेगळ्या तापतात आणि सुटतात. दाराच्या कोपऱ्यातून निघणारी तिरपी भेगही बहुतेकदा साधी. पण कॉलमच्या कोपऱ्यालगत, सळीच्या रेषेतच खाली-वर जाणारी भेग म्हणजे आतली सळी गंजून फुगली आहे. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतो आणि काँक्रीट आतून ढकलून फोडतो. बीमच्या टोकाला, कॉलमजवळ, साधारण ४५ अंशांतली तिरपी भेग दिसली तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी फोन करा. पुढे आलेल्या गॅलरीच्या वरच्या बाजूला, भिंतीलगत आडवी भेग असेल तर तेही गंभीर. गॅलरीचा भार पेलणाऱ्या सळ्या स्लॅबच्या वरच्या थरात असतात, आणि पूर्वी स्लॅब भरताना मजूर त्यांच्यावरून चालून त्या खाली दाबत. त्यावर पुढे कोणीतरी गॅलरी चिऱ्यांनी बंद करून खोली केली असेल तर भार दुप्पट. तुमच्या इमारतीत अशा किती गॅलऱ्या बंद केल्या आहेत ते मोजा आणि अभियंत्याला आपण होऊन सांगा. लपवून काही मिळत नाही, ते रस्त्यावरून दिसतेच.

गोव्यात हे लवकर का होते, असे तुम्हाला वाटत असेल. वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस, समुद्राची खारी हवा, पाणी शोषून घेणारा चिरा आणि त्याला चिकटून असलेला कॉलम. भरतीचे पाणी पोचते अशा नदीपात्रातली रेती नीट न धुता वापरली असेल तर मीठ पहिल्या दिवसापासून आतच आहे. आणि त्या काळचे प्रमाणच वेगळे होते. १९७८ च्या भारतीय मानकाप्रमाणे एम-१५ ताकदीचे काँक्रीट आरसीसीला चालत असे (एमपुढचा आकडा मोठा तितके काँक्रीट मजबूत). २००० च्या मानकाने किनारी हवामानात उघड्या राहणाऱ्या आरसीसीला किमान एम-३० आणि सळीवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचे आवरण सांगितले. तुमच्या कॉलममध्ये ते आवरण २०-२५ भरले तरी मी त्याला नशीब म्हणेन. म्हणून बिल्डर चोर होता असे लगेच ठरवू नका. त्याने तेव्हाचा नियम पाळला असण्याची पूर्ण शक्यता आहे.

चाचण्यांची नावे कोटेशनमध्ये येतील, त्यातली कोणती कशासाठी आहे ते समजून घ्या. रिबाउंड हॅमर ही सर्वात स्वस्त, आणि एकटीच असेल तर जुन्या इमारतीत फसवी. काँक्रीट जुने झाले की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्याचा वरचा थर कडक होतो, हॅमर कडकपणा मोजतो आणि आकडा छान येतो. आतली सळी मात्र त्याच कार्बनमुळे संरक्षण गमावून गंजत असते. म्हणून त्याच्या जोडीला कार्बोनेशनची चाचणी हवीच. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन फवारले की निरोगी भाग गुलाबी होतो, कार्बन शिरलेला भाग रंग घेत नाही. हे तुमच्या डोळ्यांसमोर करायला सांगा. रंग न आलेली पट्टी सळीपर्यंत पोचली आहे का, हे कोणालाही दिसते, त्याला अभियंता असावे लागत नाही. अल्ट्रासोनिक चाचणीत ध्वनीचा वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट चांगले, तीनच्या खाली असेल तर संशयास्पद. सळीचा विद्युतदाब मोजणाऱ्या हाफ-सेल चाचणीत उणे ३५० मिलिव्होल्टच्याही पलीकडचे आकडे आले तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात. तुमच्या इमारतीत मीठ किती आहे तेही प्रयोगशाळेतून काढून घ्या. तो आकडा वाईट आला तर वरवरची दुरुस्ती टिकत नाही. कोअर म्हणजे काँक्रीटचा गोल तुकडा कापून काढणे. ताकदीचा खरा पुरावा तोच, पण आधीच अशक्त कॉलममधून तो काढायचा की नाही हे अभियंत्याने ठरवावे. काढलाच तर भोक त्याच दिवशी भरून घ्यायचे.

तळमजल्यावरच्या दुकानांत फॉल्स सीलिंग असेल तर ते उघडल्याशिवाय ऑडिट करू देऊ नका. वरच्या मजल्यांचा सगळा भार तळमजल्यावर येतो, आणि नेमका तोच भाग प्लायवूडच्या मागे असतो. एका दुकानात पोटमाळ्यासाठी लोखंडी चॅनल बसवताना कॉलमला दोन्ही बाजूंनी खाचा मारलेल्या मी पाहिल्या आहेत. मालकाला त्यात काही वावगे वाटले नव्हते, त्याच्या लेखी ती फक्त भिंत होती.

तुमच्यातले एक गृहस्थ म्हणतात, हवा तसा अहवाल पैसे देऊन मिळतो. मिळतो, नाही असे नाही. दोन्ही बाजूंचा मिळतो. इमारत ठणठणीत आहे असाही आणि उद्याच पडणार आहे असाही, गरज कोणाची यावर. पण तो घेऊन तुम्ही काय करणार? पालिकेला संशय आला तर ती फर्मागुढीच्या गोवा इंजिनिअरिंग कॉलेजकडून किंवा साबांखाकडून (सार्वजनिक बांधकाम खाते) पुन्हा तपासणी मागते, आणि मग तुमचा कागद तुमच्याच विरुद्ध पुरावा होतो. मतभेद टोकाला गेले असतील तर मी तुम्हाला आधीच कॉलेजकडे जायला सांगेन. वेळ थोडा जास्त लागेल, पण दुकानदार आणि फ्लॅटवाले दोघेही त्या अहवालाकडे बोट दाखवू शकणार नाहीत. खासगी अभियंता नेमलात तर एक अट घाला: ज्याने ऑडिट केले त्याने दुरुस्तीचे कंत्राट घ्यायचे नाही आणि आपल्या ओळखीच्या कंत्राटदाराचे नावही सुचवायचे नाही.

अहवाल हातात आला की शेवटचे पान आधी वाचा. प्रत्येक कॉलमचा आणि बीमचा क्रमांक नकाशावर आहे का? चाचणीचे आकडे त्या क्रमांकांना जोडलेले आहेत का? दुरुस्ती कोणत्या क्रमाने करायची आणि तोवर कोणती खोली वापरायची नाही, हे लिहिले आहे का? 'दुरुस्ती केल्यास इमारत सुरक्षित राहील' एवढ्याच वाक्यावर संपणारा अहवाल पालिकाही स्वीकारेल कदाचित, पण तुमच्या काही उपयोगाचा नाही.

दुरुस्तीबद्दल थोडक्यात, कारण ती अहवालावर ठरेल. सळीवरचा गंज तिच्या मागच्या बाजूनेही काढावा लागतो, म्हणजे सळीच्या मागे बोट जाईल इतके काँक्रीट फोडावे लागते. हे न करता वरून गिलावा मारून रंग देणारा कंत्राटदार स्वस्त पडतो आणि तीन पावसाळ्यांत तीच भेग परत येते. गिलाव्या-रंगाचे काम आणि कॉलम-बीमचे काम यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकाराला हात लावण्यापूर्वी पालिकेला लेखी कळवून परवानगी घ्या. गच्चीवर पत्र्यांचे छप्पर घालायचा विचार गोव्यात सगळेच करतात आणि गळती थांबवायला तो उपाय उत्तम आहे, पण तेही परवानगीनेच, आणि आधी खालचे कॉलम नीट करून.

एक गोष्ट विचारली नाही तरी सांगतो. अभियंता आलाच आहे तर जिनाही दाखवा. डिसेंबर २०२५ मध्ये हडफडे येथे नाइटक्लबच्या आगीत २५ जण गेले, तेव्हापासून आगीबद्दल सगळे बोलतात, पण ते क्लबबद्दल. आपल्या बाजारातल्या इमारतींत जिन्याखाली वीज मीटरांची भिंत, तिला टेकून दुकानाचे पुठ्ठ्याचे खोके आणि बाहेर पडायची वाट ती एकच. चार मजल्यांच्या जुन्या इमारतीला अग्निशामक दलाचा दाखला कधी लागला नसेलही, म्हणून ते खोके तिथे असावेत असे नाही.

आता पालिकेला उत्तर. १५ दिवसांत पूर्ण ऑडिट होत नाही, आणि हे पालिकेलाही माहीत आहे. तिला पाहायचे असते की तुम्ही हललात का. मुदतीच्या आत मुख्याधिकाऱ्यांच्या नावे पत्र द्या, आवक-जावक विभागाचा शिक्का असलेली प्रत ठेवा. पत्रात तीन गोष्टी असाव्यात: अमुक अभियंत्याची नेमणूक केली, त्याचे स्वीकृतीपत्र सोबत, जिन्याजवळच्या कॉलमला टेकू लावले, फोटो सोबत, अहवालासाठी अमुक तारखेपर्यंत मुदत द्यावी. तारीख मेच्या तिसऱ्या आठवड्यापलीकडची मागू नका. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आला की बाहेरचे कॉलम फोडता येत नाहीत, कामगार गावी जातात आणि पालिकाही 'पावसाळ्यात धोका नको' म्हणून सरळ रिकामे करण्याच्या आदेशाकडे वळते. त्याच भेटीत मूळ परवाना, मंजूर नकाशा आणि ऑक्युपन्सी यांच्या प्रमाणित प्रतींसाठी अर्ज द्या. दिल्या नाहीत तर माहिती हक्काखाली मागा. त्या काळच्या फाईलमध्ये सळ्यांचा नकाशा बहुधा सापडणार नाही, पण सापडलाच तर अभियंत्याचे अर्धे काम आणि तुमचा बराच खर्च वाचतो.

पत्रावर सह्या घेताना दुकानदारांना वगळू नका, ते भांडत असले तरी. सही नाकारली तर 'पत्र दाखवले, सही नाकारली' अशी तारखेसह नोंद करा आणि तीच प्रत पालिकेला जोडा. ऑडिटसाठी दुकान उघडून देत नाहीत असे झाले तर ते प्रकरण तुमचे राहत नाही, पालिकेचे होते, आणि भोगवटादाराला थेट नोटीस काढायचा अधिकार तिला आहे. मी तांत्रिक विभागात असताना अशी नोटीस गेली की बंद शटर सहसा दुसऱ्या दिवशी उघडत असे.